मामी, ऑपरेशनची तारीख रद्द करू नकोस

काल रात्री अकराला राजापूरहून मामीचा फोन. 'मुंबईची तारीख रद्द करतेय.' मामेभाऊ 28 वर्षांचा, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत गाठ आहे. आणि व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलंय: ट्यूमर आता 'न्यूरॉन प्रोटीन'च्या रक्ततपासणीतच कळतो, तुकडा काढला की गाठ पसरते आणि सिनॅप्टोफायसिन पॉझिटिव्ह आलं तर शेवटची स्टेज. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड रंगवतो. वाचून संताप आला.

स्टेजचं आधी, कारण त्यानेच मामी हादरलीय. सिनॅप्टोफायसिन हे न्यूरॉनच्या टोकाशी रसायनं साठवणाऱ्या बारीक पिशव्यांच्या आवरणातलं प्रोटीन. निरोगी मेंदूत ते असतंच. हे प्रोटीन दाखवणारा रंग नीट चढतोय ना, हे बघायला आम्ही अपेंडिक्सचा निरोगी तुकडा सोबत रंगवतो. त्यातल्या नसांच्या जाळ्यावरही तोच तपकिरी रंग उठतो. पॉझिटिव्ह म्हणजे स्टेज नव्हे. पेशींची जात कोणती, याचा तो एक धागा.

भावाच्या वयात, त्याच पोकळीत सेंट्रल न्यूरोसायटोमा नावाची गाठ होते. 1982 साली ती वेगळी म्हणून नोंदली गेली. मायक्रोस्कोपखाली ती ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या मेंदूच्या दुसऱ्या गाठीसारखीच दिसते: गोल केंद्रकं, भोवती पांढरी मोकळी जागा. सिनॅप्टोफायसिनचा रंग चढला की न्यूरोसायटोमाकडे कल जातो. ही ग्रेड 2 ची गाठ (ग्रेड म्हणजे गाठ किती आक्रमक), पूर्ण निघाली तर बहुतेकदा पुढे नुसतं लक्ष ठेवतात. मेड्युलोब्लास्टोमा ही मेंदूची आणखी एक गाठ, ती ग्रेड 4 ची, त्यातही रंग चढतो. म्हणून एका मार्करवर, म्हणजे पेशींची ओळख सांगणाऱ्या एका प्रोटीनवर, कुणी निदान करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणात पेशींचं रूप, मार्कर आणि जनुकीय बदल एकत्र बघूनच गाठीला नाव देतात. त्यासाठी तुकडा लागतो.

रक्ततपासणीत थोडं तथ्य आहे, मान्य. अमेरिकेत 2018 साली यूसीएच-एल1 आणि जीएफएपी या दोन प्रोटीनच्या तपासणीला परवानगी मिळाली, पहिलं न्यूरॉनचंच. पण ती डोक्याला मार लागल्यावर सीटी स्कॅन लागेल का, हे ठरवायला. गाठीचा प्रकार त्यातून कळत नाही.

तुकड्याने गाठ पसरते म्हणे! खरा धोका रक्तस्रावाचा, तो सर्जनला स्पष्ट विचार.

मुंबईचं तिकीट रद्द करू नकोस, मामी. आणि ऑपरेशननंतर रिपोर्टासोबत ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइडही मागून घे. दुसरं मत घ्यायचं झालं तर त्याच लागतात.