अंकल, दोन्ही बाजू एकाच पानावर घेऊ?

झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने माझ्याकडे न बघताच हे विचारलं. पोरगं विशीतलं, दाढी माझ्यापेक्षा भरघोस. तेवढं मी गिळलंही असतं. पण मागे एक गृहस्थ उभे होते. डोक्यावर काळा केस औषधालाही नाही, कानात श्रवणयंत्र, काखेत पेन्शनची फाइल. ते म्हणाले, "अंकलचं होऊ दे आधी. मला घाई नाही."

"अंकल कोण?"

"तुम्ही."

"मग तुम्ही कोण?"

"मी रिटायर्ड."

"अहो, तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे!"

"वडील किती?"

"७२."

"छे! मी ६८." वडिलांना चार वर्षांनी हरवल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावेना. त्या भरात त्यांनी काउंटरवरच्या माझ्या आधारकार्डात डोकं घातलं आणि जन्मसालावर बोट टेकवलं. "१९७९? म्हणजे शेहेचाळीसच की! मी पंचावन्न धरले होते. शुगर आहे का?"

पोरगं फिसकन हसलं. तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टातला, हातात गाडीची किल्ली फिरवणारा एक जण आला. माझ्याहून मोठाच असेल. त्याला पोरगं म्हणालं, "बोला सर." मी माझ्या पायातल्या रबरी चपलांकडे बघितलं.

घरी येऊन तणतणत शब्दकोश काढला. शत्रूचं कूळ तरी कळावं! अंकल हा शब्द फ्रेंचांच्या वाटेने लॅटिन 'अवुन्कुलुस'वरून आलाय. अर्थ आईचा भाऊ, म्हणजे मामा. वडिलांच्या भावाला रोमन लोकांत 'पत्रुउस' असा वेगळा शब्द होता, आपल्या काकासारखा. अवुन्कुलुस हे पुन्हा 'अवुस'चं लघुरूप, आणि अवुस म्हणजे आजोबा. म्हणजे त्या पोराने मला एका फटक्यात मामा बनवलं आणि धाकटे आजोबाही. आंटीचं मूळ 'अमिता', वडिलांची बहीण. म्हणजे आमच्या सोसायटीतलं प्रत्येक अंकल-आंटी जोडपं हे मुळात मामा आणि आत्या! मामीला आणि आत्याच्या यजमानांना हे कुणी सांगायचं?

जुन्या इंग्रजीतही मामाला 'एआम' आणि काकाला 'फॅडेरा' असे दोन शब्द होते. १०६६ साली फ्रान्सकडून नॉर्मन लोक इंग्लंडवर चालून आले, त्यांच्या मागून अंकल आला आणि दोघांनाही खाऊन बसला. पुढे इंग्रजांच्या बोलीत अंकल म्हणजे गहाण ठेवून घेणारा सावकारही झाला. अमेरिकेत एखाद्याला लोळवून 'म्हण अंकल' म्हणतात, म्हणजे 'हरलो म्हण'. आपल्याकडे त्याचा अर्थ 'बाजूला व्हा' एवढाच उरलाय. काका म्हणायला काय जातं यांचं? (काका म्हटलं असतं तरी मी चिडलोच असतो, ते सोडा.) पण निदान काका हे नातं आहे. अंकल म्हणजे चपलेवरून लावलेला अंदाज.

या जगात मला कायदेशीर अंकल म्हणू शकेल असा एकच प्राणी आहे, बहिणीचा मुलगा. न राहवून त्याला फोन लावला.

"बोल ना, ब्रो," तो म्हणाला.

आणि झेरॉक्स? ती दोन वेगवेगळ्या पानांवरच आली होती.