‘जुनी मेंबरशिप खपवली’ या अभिप्रायाला कार्यालयाचे उत्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. आपला अभिप्राय मी आणि माझ्या दोन्ही सहकाऱ्यांनी शांतपणे वाचला, आपली गेल्या जुलैमधली फाइल कपाटातून पुन्हा काढली आणि प्रत्येक कागद ताडून पाहिल्यावरच हे उत्तर लिहायला बसलो. आपण लिहिले आहे की जुन्या मेंबरशिपच्या खरेदी-विक्रीची दलाली करणाऱ्या आमच्या कार्यालयाने आपल्याला दुसऱ्याने वापरलेली टाइमशेअर मेंबरशिप (रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक रात्री राहण्याचा हक्क) १,१०,००० रुपयांना ‘खपवली’, ती नावावर करून घेताना ठरल्यापेक्षा बरीच जास्त रक्कम भरावी लागली आणि मे महिन्यात कोडगूला (कूर्गला) खोली मिळाली नाही. नंतर कोल्हापूरच्या एका हॉटेलातील विक्रीच्या कार्यक्रमात मेंबरशिप देणाऱ्या कंपनीच्या माणसांनी आपल्याला सांगितले की थेट कंपनीकडून घेतली असती तर यातले काहीच घडले नसते, असेही आपण म्हटले आहे. आपण निपाणीहून दोनदा बेळगावला, टिळकवाडीतल्या आमच्या कार्यालयात येऊन, सगळी विचारपूस करून मगच व्यवहार केला होता, त्यामुळे आपला संताप मला समजतो. आपल्या तक्रारीतला पैशांचा भाग खरा आहे आणि ती चूक माझी आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

विक्रेत्याने आणलेली वार्षिक देखभाल शुल्काची पावती मी स्वतः हातात घेऊन पाहिली होती. तिच्यावर एप्रिलची तारीख होती, मूळ रक्कम १५,००० रुपये, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, एकूण १७,७०० रुपये, आणि खाली कंपनीचा शिक्का. ती पाहून ‘चालू वर्षाचे भरलेले आहे’ असे मी आपल्याला सांगितले. परवा तीच पावती खिडकीजवळ नेऊन वाचली तेव्हा रकमेच्या वरच्या ओळीत, बारीक अक्षरांत, ती कोणत्या वर्षाची आहे हे छापलेले दिसले, आणि ते वर्ष मागचे होते. म्हणजे विक्रेत्याने जुनी बाकी एप्रिलमध्ये चुकती केली होती आणि चालू वर्षाचे शुल्क तसेच राहिले होते. थकबाकी असेल तर कंपनी सदस्यत्वाचे नाव बदलत नाही. म्हणून जुन्या माणसाने न भरलेली बाकी नाव बदलून घेण्यासाठी नव्या माणसाला भरावी लागते, आणि तसेच ते बिल आपल्याकडे आले. पावतीची तारीख पाहायची नसते, तिचे वर्ष पाहायचे असते, हे मला इतक्या वर्षांच्या धंद्यानंतर कोणी सांगायची गरज पडू नये. विक्रेते गृहस्थ आता मुलाकडे परदेशी असतात आणि त्यांनी मुद्दाम लपवले असे मी म्हणणार नाही, परंतु ती वसुली हा त्यांचा आणि माझा प्रश्न आहे. आपल्याला त्याची झळ लागायला नको होती.

हस्तांतर शुल्काचेही, म्हणजे कंपनी नाव बदलण्यासाठी घेते त्या रकमेचेही, तसेच झाले. ‘साधारण आठेक हजार लागतील’ असे मी बोललो होतो, प्रत्यक्षात १५,००० लागले. कंपनीने दर वाढवल्याचे मला अर्ज दाखल करताना कळले, पण त्यापूर्वी एक फोन करून मी खात्री करून घ्यायला हवी होती आणि तो आकडा आपल्याला लेखी द्यायला हवा होता. आपल्या या सीमाभागात ही अडचण नेहमीची आहे: कंपनीचे करारपत्र इंग्रजीत असते, सरकारी कागदावर कन्नड असते आणि समजावून सांगणे सगळे मराठीत होते, त्यामुळे मराठीत सांगितलेले नेमके कोणत्याच कागदावर उरत नाही. आपण आयुष्यभर शाळेत शिकवलेत. तोंडी सांगितलेल्या उत्तराला गुण देता येत नाहीत, हे मी आपल्याला काय सांगावे?

आता थेट कंपनीकडून घेणे आणि रिसेलमध्ये, म्हणजे जुन्या सदस्याकडून, घेणे या मुद्द्याकडे येतो, कारण इथे मला आपले म्हणणे पूर्णपणे मान्य नाही, आणि हे उत्तर वाचणाऱ्या इतर कुटुंबांसाठीही तो हिशेब उघडपणे मांडणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडे विकली जाणारी टाइमशेअर मेंबरशिप ही बहुतेक वेळा मालमत्ता नसते. ठरावीक वर्षे, दरवर्षी ठरावीक रात्री, ठरावीक आकाराची खोली आणि ठरावीक हंगाम वापरण्याचा तो हक्क असतो. मुदत संपली की हक्कही संपतो. म्हणून २५ वर्षांची मेंबरशिप १४ वर्षांनी हातात येते तेव्हा ती १४ वर्षे भोगून झालेल्या भाडेपट्ट्यासारखी असते आणि नाव बदलले म्हणून मुदत नव्याने सुरू होत नाही. आपल्याला ११ वर्षे मिळाली आहेत, आणि किंमतही त्या ११ वर्षांचीच ठरली होती.

कोल्हापूरच्या कार्यक्रमात आपल्याला त्याच आकाराच्या खोलीचा आणि त्याच हंगामाचा नवा भाव ३,६०,००० रुपये सांगितला गेला, असे आपण अभिप्रायात लिहिले आहे. त्यावर १८ टक्के कर धरला की ४,२४,८०० होतात. २५ वर्षे आणि वर्षाला ७ रात्री, म्हणजे १७५ रात्री. एका रात्रीला साधारण २,४२७ रुपये पडले. वार्षिक देखभाल शुल्काचे १७,७०० रुपये सात रात्रींत वाटले की रात्रीला आणखी २,५२९ रुपये. एकूण सुमारे ४,९५६ रुपये, आणि हप्त्यांवरचे व्याज यात धरलेले नाही. आपल्या व्यवहारात १,१०,००० रुपये ११ वर्षांच्या ७७ रात्रींत वाटले की रात्रीला १,४२९ होतात, देखभाल शुल्क तेवढेच, म्हणजे सुमारे ३,९५७ रुपये. मी जुलैमध्ये आपल्याला रिसेल सुचवली ती याच हजार रुपयांच्या फरकासाठी. माझ्या चुकीमुळे थकबाकीचे १७,७०० आणि हस्तांतराचे १५,००० त्यात मिळवावे लागले तेव्हा हाच आकडा ४,३८२ वर गेला आणि फरक जवळजवळ निम्म्यावर आला. ‘स्वस्त म्हणून घेतले आणि महाग पडले’ असे आपण लिहिलेत ते अगदी शब्दशः खरे नसले, तरी फायद्याचा मोठा भाग माझ्या निष्काळजीपणाने गेला, हे मला या बेरजेतून लख्ख दिसते.

मात्र या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, ती खरेदी कुठूनही केली तरी बदलत नाही. दोन्हीकडे देखभाल शुल्क सारखेच आहे आणि रिसेलमध्ये तर ते खरेदीच्या किमतीपेक्षा जास्त भार टाकते. ते बहुधा वाढत जाते आणि आपण एका वर्षी गेलाच नाहीत तरी भरावे लागते. म्हणून आमच्याकडे येणाऱ्याला मी आधी भाव सांगत नाही. गेल्या पाच वर्षांत तुम्ही किती रात्री बाहेरगावी राहिलात, हे विचारतो. ज्याचे उत्तर दहा-बारा रात्री असे येते, त्याने नवी घेऊ नये आणि जुनीही घेऊ नये, तेवढ्या रात्रींसाठी साधे हॉटेल घ्यावे. असे सांगून मी अनेकांना परत पाठवले आहे.

थेट खरेदीला काहीच अर्थ नाही, असे मात्र मी कधीही म्हणालो नाही. संपूर्ण मुदत मिळते; परदेशातल्या रिसॉर्टशी अदलाबदल करून देणाऱ्या संस्थेचे सदस्यत्व सोबत येते; काही कंपन्यांच्या करारात पहिल्या काही दिवसांत रद्द करून पैसे परत घेण्याची सोय असते. तरुण जोडप्याला, ज्याला पुढची वीस-पंचवीस वर्षे मुलाबाळांसह फिरायचे आहे, मी स्वतः कंपनीकडे पाठवतो. रिसेलमध्ये ते अदलाबदलीचे सदस्यत्व आणि भेट म्हणून दिलेल्या सुट्ट्या बहुधा नव्या नावावर येत नाहीत. हे मात्र आपल्या स्वाक्षरीच्या कागदावर पाचव्या ओळीत मराठीत लिहिलेले आहे, तेवढे कृपया एकदा पाहावे. नव्या मेंबरशिपच्या किमतीत हॉटेलातला कार्यक्रम, जेवण, भेटवस्तू, फोन करणारी मुले आणि कंपनीच्या विक्री करणाऱ्या माणसाचे कमिशन या सगळ्यांचा खर्च असतो. ‘पती-पत्नी दोघांनी मिळून यावे’ आणि ‘हा भाव फक्त आजच’ ही त्या कार्यक्रमाची पद्धतच आहे. आजचा भाव पुढच्या महिन्यातही मिळतो, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि तिथे सही करण्यापूर्वी करारपत्र घरी नेऊन वाचायला मागणे हा आपला हक्क आहे.

मे महिन्याविषयी. कंपनी वर्षातल्या हंगामांना रंगांची नावे देते आणि ज्या रंगाची मेंबरशिप, त्याच्यापेक्षा वरच्या हंगामात ती चालत नाही. आपली मेंबरशिप पांढऱ्या हंगामाची आहे आणि मे महिना थंड हवेच्या ठिकाणी सर्वांत वरच्या, म्हणजे जांभळ्या हंगामात धरला जातो. नवी पांढरी घेतली असती तरीही मे महिन्यात कोडगूला आपला हक्क चालला नसता, हे कोल्हापुरात आपल्याला कोणी सांगितले नाही असे दिसते. पण मला यात माझाही दोष वाटतो. आपण बोलता बोलता म्हणाला होता की एक नातू निपाणीत शिकतो आणि दुसरा पुण्यात. आपल्याकडच्या शाळांना ऑक्टोबरमध्ये दसऱ्याची मोठी सुट्टी असते, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीची. दोघे भाऊ एकत्र मोकळे होतात ते फक्त उन्हाळ्यात. हा सीमेवरच्या प्रत्येक दुसऱ्या घराचा प्रश्न आहे आणि तो ऐकल्याबरोबर मी हंगामाचा विषय काढायला हवा होता. आपल्यासाठी जांभळ्या हंगामाची, भले कमी वर्षे उरलेली, मेंबरशिप शोधणे अधिक योग्य झाले असते.

आपण शेवटी ‘यांच्याविरुद्ध कुठे दाद मागायची’ असे विचारले आहे. आपल्या देशात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाच मुख्य आधार आहे. त्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे, म्हणजे आपण बेळगावच्या आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकता, कंपनी मुंबईची असो वा चेन्नईची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. हा मार्ग आपल्याला माझ्या कार्यालयाविरुद्धही तितकाच मोकळा आहे, आणि त्यासाठी लागणारे फाइलमधले सर्व कागद मी साक्षांकित करून देईन.

एक सूचना इथेच लिहून ठेवतो, कारण मेंबरशिप नावावर झाल्यानंतर असे फोन येतात. ‘तुमची मेंबरशिप आम्ही चढ्या भावाने विकून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असे कोणी म्हणाले तर एक रुपयाही देऊ नये. आमच्या कार्यालयात विक्रेत्याकडून आगाऊ रक्कम घेतली जात नाही आणि नाव बदलल्याचे कंपनीचे पत्र आल्याशिवाय दलालीही घेतली जात नाही. यापुढे आणखी एक नियम केला आहे: कंपनीचा ‘थकबाकी नाही’ असा दाखला थेट कंपनीकडून लेखी आल्याशिवाय खरेदीदाराचे पैसे विक्रेत्याकडे जाणार नाहीत, आणि सर्व खर्चांचा एक पानी मराठी तपशील दोघांच्या सहीने फाइलला लागेल.

थकबाकीचे १७,७०० रुपये, हस्तांतर शुल्कातला वाढीव ७,००० रुपयांचा भाग आणि आम्ही घेतलेली ५,५०० रुपयांची दलाली, असा एकूण ३०,२०० रुपयांचा धनादेश आपल्या नावाने तयार आहे. तो घेण्यासाठी आपण अभिप्राय मागे घ्यावा किंवा बदलावा अशी कोणतीही अट नाही. लिहिलेले तसेच राहू द्यावे. आपल्याला पुन्हा बेळगावची फेरी पडू नये म्हणून येत्या रविवारी सकाळी मी स्वतः निपाणीला येतो. सोबत हंगामांचे वेळापत्रक आणतो, म्हणजे पांढऱ्या हंगामात दोन्ही नातवांना जमतील असे चार-पाच दिवस निघतात का ते एकत्र पाहू, आणि निघत नसतील तर ही मेंबरशिप विकून देण्याचे काम मी दलाली न घेता करीन.

आपला नम्र,
कार्यालयाचा मालक,
टिळकवाडी, बेळगाव