टँक छोटा ठेवला म्हणून शार्क छोटा राहत नाही

'चार फुटी टँकमध्ये पाळा स्वतःचा शार्क' असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, सोबत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या एका पिल्लाचा व्हिडिओ. एरवी सोडून दिलं असतं, पण तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि त्याचा मला फोन, "मावशी, अंडं बुक करू का?" त्याच्याकडे खाऱ्या पाण्याचा टँक आहे, मासे नीट सांभाळतो, पोरगा बेजबाबदार अजिबात नाही, आणि म्हणूनच मला जास्त राग आला, कारण हा मेसेज अशाच हौशी आणि प्रामाणिक लोकांना फसवतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: बांबू शार्क टँकच्या मापाएवढाच वाढतो, तो पडूनच असतो म्हणून जागा लागत नाही, आजारी पडत नाही, आठवड्यातून दोनदा खायला दिलं की झालं, आणि फारच मोठा झाला तर समुद्रात सोडा नाहीतर मत्स्यालयाला द्या.

पहिला मुद्दा सगळ्यात वाईट आहे, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. टँकच्या मापाएवढा वाढतो हे साफ खोटं. पोराला छोट्या खोलीत वाढवलं म्हणून ते ठेंगणं राहतं का? व्हिडिओतलं पिल्लू ब्राउनबँडेड बांबू शार्कचं आहे, अंड्यातून बाहेर येताना साधारण 15 सेंटीमीटर असतं, आणि पूर्ण वाढलेला शार्क एक मीटरच्या आसपास जातो. ते सुंदर पट्टेही वाढताना फिके होत जातात आणि शेवटी उरतो एक तपकिरी, मीटरभर लांब, ताकदवान प्राणी, म्हणजे ज्याच्यावर भाळून तुम्ही अंडं घेता तो प्राणी दिसायलासुद्धा तसा राहत नाही. व्हाइटस्पॉटेड बांबू शार्क, एपॉलेट शार्क, ही 'छोटी' म्हणून विकली जाणारी मंडळीही साधारण याच मापाची. कोरल कॅटशार्क त्यातल्या त्यात लहान, तोही 70 सेंटीमीटरपर्यंत जातो.

आता चार फुटी टँक घ्या. लांबी 120 सेंटीमीटर, रुंदी बहुतेक वेळा 45. दगड, वाळू आणि पंप यांची जागा वजा करा आणि त्यात 90 सेंटीमीटरचा प्राणी ठेवा. अंग लवचीक असल्यामुळे तो वळतो, ते मान्य, पण प्रत्येक वळणाला नाक काचेला घासतं. आणि शार्कचं नाक म्हणजे नुसती कातडी नाही, तिथे बारीक बारीक छिद्रं असतात ज्यांनी त्याला दुसऱ्या जिवाच्या शरीरातली वीज जाणवते, लपलेली शिकार तो त्यावर शोधतो. तीच जागा रोज सोलवटायची. खराब पाण्यात, अपुऱ्या खाण्यावर एखाद्याची वाढ खुंटतही असेल, पण खुंटणं म्हणजे जुळवून घेणं नाही, ते आजारपण आहे.

'पडूनच असतो' हा मुद्दा, नाइलाजाने सांगते, अर्धा खरा आहे. सगळ्याच शार्कना श्वासासाठी सतत पोहावं लागतं असं नाही, बांबू शार्क तळाशी बसून तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडतो. पण हे प्राणी रात्री फिरतात. दिवसा कपारीत पडलेला बघून तुम्ही म्हणणार निवांत आहे, आणि तुम्ही झोपलात की तो वाळू उकरणार, दगडांच्या फटीत डोकं घालून ढकलणार, नुसते एकमेकांवर रचलेले दगड पाडणार, झाकण नीट नसेल तर बाहेरही पडणार.

आजारी पडत नाही, हे कुणी लिहिलं असेल त्याने एकदा तरी शोधायचं होतं. 2011 साली 'जर्नल ऑफ अ‍ॅक्वाटिक अ‍ॅनिमल हेल्थ' या जर्नलमध्ये याच गटातल्या व्हाइटस्पॉटेड बांबू शार्कवरचा अभ्यास आलाय. नायट्रेट म्हणजे माशांच्या घाणीतून तयार होऊन पाण्यात साठत जाणारा क्षार. पिल्लांना 70 मिलिग्रॅम प्रति लिटर नायट्रेट-नायट्रोजन (म्हणजे नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजून) असलेल्या पाण्यात 29 दिवस ठेवलं आणि त्यांना गलगंड झाला. नायट्रेटमुळे थायरॉइडला आयोडीन नीट मिळत नाही. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हा आकडा नायट्रेट-नायट्रोजनचा आहे, नुसतं नायट्रेट मोजणाऱ्या किटवर तो 300 च्या वर दिसेल, आणि सांभाळलेल्या टँकमध्ये एवढं नसतं. पण तिथे जे झालं ते महिन्याच्या आत झालं, आणि हा प्राणी वीसेक वर्षं जगू शकतो. एवढा मांसाहारी प्राणी तीन-सव्वातीनशे लिटर पाण्यात कोळंबी आणि स्क्विड खातोय, त्याची घाण त्याच पाण्यात, तर नायट्रेट चढणारच. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ असतं, मोजल्याशिवाय कळतच नाही.

शिवाय माशांना पांढरे ठिपके आले की अनेकजण टँकमध्ये कॉपरचं, म्हणजे तांब्याचं, औषध टाकतात. शार्कच्या बाबतीत तेच औषध जिवावर बेतू शकतं. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

खाण्याचं काय, मोठ्या शार्कला रोज खायला घालावं लागत नाही एवढं बरोबर. पण रोज तेच ते फ्रोझन मासे दिले तर चालत नाही, काही माशांमध्ये थायमिनेज असतं, ते बी-वन जीवनसत्त्व मोडतं, म्हणून आलटून पालटून आणि वरून जीवनसत्त्वं द्यावी लागतात.

आणि शेवटचं, मोठा झाला की समुद्रात सोडा. असं लिहायला लाज कशी वाटली नाही! टँकमधले रोग समुद्रात, परका प्राणी परक्या किनाऱ्यावर, आणि हाताने खायला शिकलेला तो शार्क स्वतः काय करणार. मत्स्यालयांकडे तर अशी वाढून बसलेली जनावरं नको म्हणण्याइतकी येतात.

मोठा, रुंद, गोलसर कडांचा टँक, दमदार फिल्टर आणि स्किमर (पाण्यातली घाण फेसासोबत बाहेर काढणारं यंत्र), मऊ वाळू असं सगळं करून हे शार्क नीट सांभाळणारे लोक आहेत, मी नाकारत नाही. ते आधी पूर्ण वाढलेल्या शार्कच्या मापाचा टँक उभा करतात, महिनोन्महिने चालवतात, मग अंडं आणतात. ज्यांनी मेसेज वाचून अंडं आधीच आणलंय त्यांनी आजच तीन गोष्टी बघा: त्या टँकमध्ये पूर्वी कधी कॉपर वापरलंय का, नायट्रेट किती आहे, आणि मोठ्या टँकची सोय स्वतःकडे होणार नसेल तर असा टँक असलेला माणूस कोण. अंडं फुटायला काही महिने लागतात, तेवढ्या वेळात हे होऊ शकतं.