केमो संपली म्हणून ऊन माफ होत नाही

‘कर्करोगाचे उपचार संपले? मग आठ दिवस समुद्रकिनारी जा आणि सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्या, डी जीवनसत्त्व भरून निघेल. औषधं बंद झाली की अंगातून निघून जातात. आपली त्वचा गव्हाळ, सनस्क्रीन ही गोऱ्यांची थेरं. फारच वाटलं तर छत्रीखाली बसा.’ हा मेसेज पेशंटच्या घरी हमखास येतो, तोही जिवाभावाच्या माणसांकडून. सुट्टीला जा, हे अगदी बरोबर. बाकीच्याचं काय ते बघू.

कोवळं ऊन आणि डी जीवनसत्त्व यांची जोडी मुळात जमत नाही. कातडीत डी तयार होतं ते उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे, आणि सूर्य खाली असताना ते जमिनीपर्यंत फारसे पोचत नाहीत. सकाळी वाळूत बसा, छान वाटतं म्हणून बसा. पण डी कमी असेल तर रक्ततपासणी करून डॉक्टर 60,000 युनिटची पुडी किंवा गोळी लिहून देतात. त्यासाठी पाठ भाजून घ्यायची गरज नाही.

औषधं निघून जातात, हे अर्धंच खरं. केमोची बरीचशी औषधं जातातही. पण कॅपेसिटाबीनसारखी गोळी काहींना पुढे महिनोन्‌महिने असते आणि तिने त्वचा उन्हाला हळवी होते. शिवाय घरातली जुनी औषधं कोणी मोजत नाही. बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर तीत बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, तेही उन्हाला हळवं करणारं.

आणि शेक, म्हणजे रेडिएशन? त्याचा परिणाम निघून जात नाही. स्तनाच्या कर्करोगात कधी कधी गळपट्टीच्या हाडाच्या वरही शेक देतात. नेमका तो तळहाताएवढा भाग कुर्त्याच्या गळ्यातून उघडा राहतो. वरून कातडी बरी दिसली तरी तिथे भाजलं तर जखम रेंगाळते. पहिलं वर्ष तर ती जागा झाकूनच ठेवावी, आणि जपायचं कायमचं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातालाही हाच नियम, कारण भाजलेल्या हाताला संसर्ग आणि सूज लवकर धरते.

गव्हाळपणा थोडं राखतो, नाही असं नाही. पण शेक दिलेल्या जागी किंवा ताज्या टाक्यांच्या व्रणावर त्याच्या भरवशावर राहू नये. आपल्याकडे लाली दिसत नाही, त्वचा काळवंडते, म्हणून भाजल्याचं कळतही उशिरा. सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा वरचं, आणि चण्याएवढं नव्हे: चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून. दर दोन तासांनी पुन्हा, पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच. कातडी अजून सोललेली असेल तर तिथे सनस्क्रीन नको, नुसतं सैल सुती कापड.

छत्री बरी, पण पुरेशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार वाळू सुमारे 15 टक्के आणि समुद्राचा फेस 25 टक्के अतिनील किरण परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही लागतं. ओला पांढरा टी-शर्ट तर जवळजवळ शोभेचाच. रुंद काठाची टोपी मात्र हवीच, केमोनंतर केस विरळ असताना टाळू सगळ्यात आधी भाजते.

तारकर्लीचं बुकिंग रद्द करू नका. 10 ते 4 खोलीत ताणून द्या, मासे हाणा, ऊन उतरलं की किनाऱ्यावर. निघण्याआधी डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: शेक नेमका कुठून कुठपर्यंत दिला होता, आणि चालू गोळ्यांपैकी उन्हाशी वैर असलेली कुठली.