‘शाळा बायकांच्या ताब्यात गेल्या’ म्हणे!

शिक्षक भरतीची यादी लागली की एक मेसेज हमखास फिरू लागतो. म्हणणं असं: प्राथमिक शाळांत आता जिकडे बघावं तिकडे बाईच; आरक्षणाने गुरुजींना हाकललं; अर्ध्या दिवसाची आरामाची नोकरी म्हणून बायका तिकडे धावतात; आणि गुरुजींचा धाक गेला म्हणून मुलगे बिघडले. खाली हात जोडलेले आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

‘जिकडे तिकडे बाईच’ हा शोध शहरातल्या इंग्रजी शाळेच्या गेटवर उभं राहून लावलेला दिसतो. केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीसाठ्यातल्या २०२४-२५ च्या आकडेवारीत देशभरातल्या शिक्षकांत महिला ५४.२ टक्के आहेत, तेही सरकारी-खासगी सगळ्या शाळा धरून. जगात प्राथमिकला हेच प्रमाण साधारण दोन तृतीयांश आहे. तालुक्याच्या गावापासून आत गेलात तर दोन्ही शिक्षक पुरुषच असलेल्या द्विशिक्षकी शाळा आजही सापडतात.

आरक्षणाचं तर गणितच चुकलंय. आपल्या महाराष्ट्रात सरळसेवा भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमधलेच ३० टक्के. पात्र महिला मिळाली नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या पुरुषाला जाते. यात हाकललं कोणी? डी.एड. झालेली पोरं वर्षानुवर्षं घरी बसली, कारण २०१२ पासून काही वर्षं भरतीच बंद होती. तो राग बाईंवर काढून काय होणार? आणि शाळेत बाई असाव्यात हा आग्रह आजकालच्या कुणाचा नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच म्हटलंय की प्रत्येक शाळेत किमान दोन शिक्षक हवेत आणि त्यातली एक महिला हवी. पुढे प्राथमिक शाळांना किमान खोल्या, शिक्षक आणि साहित्य देणारी केंद्राची खडू-फळा मोहीम त्यावरच उभी राहिली. शाळेत नुसते पुरुषच असले तर पालक मुलींना पाठवायला कचरत, हे तेव्हा सरकारलाही कळत होतं.

आता ‘आरामाची नोकरी’. द्विशिक्षकी शाळेत एका बाईंकडे दोन वर्ग असतात: पहिलीला मुळाक्षरं लिहायला लावायची, तोवर दुसरीची बेरीज तपासायची. मधेच पोषण आहाराच्या तांदळाची नोंद, ऑनलाइन माहिती ‘आजच्या आज’ भरा म्हणून केंद्रप्रमुखांचा फोन, वर मतदार यादीचं काम. आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं सांगितली आहेत. शिक्षिकांसाठी वेगळं काही नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसेल तर बाई दिवसभर पाणी पिणंच टाळतात. पगाराचं म्हणाल तर शिक्षणसेवकाला, म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षकाला, बाई असो वा गुरुजी, पहिली तीन वर्षं मानधनच. प्राथमिकला ते २०२३ पर्यंत महिना ६ हजार होतं, आता १६ हजार आहे.

मेसेजमधली एक तक्रार मात्र उडवून लावण्यासारखी नाही: ‘डोंगरातल्या शाळा पुरुषांच्याच माथी’. बदल्यांच्या वेळी जिल्हा परिषदा ‘महिलांसाठी प्रतिकूल’ शाळांची यादी काढतात, तेव्हा तिथे पुरुषांनाच जावं लागतं. पण ती शाळा प्रतिकूल ठरते रस्ता नाही, एसटी नाही, राहायला खोली नाही म्हणून. मागणी करायची तर त्याची करा.

राहिला मुलग्यांचा प्रश्न. कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ या अर्थशास्त्रज्ञांनी आंध्र प्रदेशातल्या सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांचे पाच वर्षांचे गुण तपासले. बाई शिकवायला असल्या की मुलींचे गुण थोडे वाढलेले दिसले, फार नाही. मुलग्यांचं नुकसान मात्र दिसलं नाही. बाकी ‘धाक’ म्हणजे छडी म्हणायची असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने तिला बंदी आहे, आणि ती गुरुजींनाही लागू आहे.