लाइट तर लागतेय ना, दादा!

रोज तेच. लाल वायर फेज, म्हणजे करंट आणणारी; काळी न्यूट्रल, परत नेणारी; हिरवी अर्थिंग, जमिनीत जाणारी. माझ्या हाताखाली वायरिंग शिकणारं पोरगं घडाघडा म्हणून दाखवतं आणि बोर्ड उघडला की काळी वायर स्विचला! अरे बाबा, स्विचने फेजऐवजी न्यूट्रल तोडलीस तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये करंट राहतो. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या म्हाताऱ्याला झटका बसला म्हणजे? तर वर तोंड करून, "पण दादा, लाइट तर लागतेय ना!" लागणारच रे, तोच तर घोळ आहे.

वायर सोलताना तर बघवत नाही. प्लास्टिकसोबत निम्म्या तारा कापतो, उरलेल्या पिळून टर्मिनलात कोंबतो, स्क्रू अर्धवट. ढिल्या जोडावर एसीचा लोड आला की जोड तापतो, जळका वास सुटतो आणि शिव्या खायला मी. त्यात लालबागच्या जुन्या चाळी, सगळीकडे लाकूडच लाकूड! टेस्टर मागावा तर खिसे चाचपतो.

पोरगं स्वभावाने गुणी आहे, उलट बोलत नाही, हीच खरी पंचाईत. ओरडणार तरी किती?

आता गणपती तोंडावर आलेत, मंडळाच्या रोषणाईचं काम घेतलंय. याला फक्त शिडी धरायला उभा करणार.