पंखा शिरजोर

बोट आजारी पडली की मुंबईच्या वेसाव्यात डॉक्टर शोधावा लागत नाही. किनाऱ्यावर जाळी शिवत बसलेला प्रत्येक जण डॉक्टरच, आणि फी एक कटिंग.

31 जुलैला मासेमारीची बंदी संपली, सगळ्या बोटी पाण्यात गेल्या आणि सासऱ्यांची बोट खाडीच्या तोंडाशीच धापा टाकायला लागली. वेग नाही, आणि मागे काळाकुट्ट धूर. पहिलं निदान इंजेक्टरचं निघालं. ते काढले, साफ केले, बसवले. धूर होता तिथेच. मग कुणी म्हणालं डिझेलमध्ये पाणी, म्हणून फिल्टर बदलले. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. सगळ्या उपचारांत तोच स्वस्त पडला.

आमचा मेहुणा मात्र इंजिनाच्या बाजूने. न्यूट्रलला टाकून त्याने रेस दिली. "बघा दाजी, कसं फिरतंय!" फिरणारच की. बिनओझ्याचं कुणीही पळतं.

शेवटी मेस्त्री आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मला विश्वास वाटला. गियर टाकून, थ्रॉटल पूर्ण देऊन फेऱ्यांच्या काट्याकडे बघत राहिले. इंजिन मिनिटाला 1800 फेऱ्यांचं, काटा 1500 च्या पुढे हलेना. "निळा धूर असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय, नाहीतर आत पाणी. काळा म्हणजे एक तर हवा कमी, नाहीतर ओझं जास्त. हवेचं मी बघितलं. नाखवा, खाली बघायला पाहिजे."

खाली बघायचं म्हणजे ओहोटीची वाट बघायची. अमावास्येच्या उधाणाला पाणी लांबवर ओसरलं आणि आम्ही गुडघाभर चिखलात उतरलो. वेसाव्याच्या खाडीतला चिखल म्हणजे निम्मं प्लॅस्टिकच. बोटीला पुढे ढकलणारा पंखा ज्या दांड्यावर फिरतो, त्या शाफ्टला नायलॉनचा दोरा गच्च आवळून बसला होता. मेहुणा आनंदाने ओरडला, "सापडलं!" मेस्त्रींनी सुरीने दोरा कापला, पंख्याच्या पात्यांच्या कडांवरून अंगठा फिरवला. कुठे वाकलेलं नाही, कुठे दात पडलेले नाहीत. मग हबवरचा, म्हणजे पाती जिथे जुळतात त्या मधल्या भागावरचा, चिखल पुसला. पितळेत आकडे कोरलेले होते: 28 गुणिले 22.

"आधीचा कितीचा होता?"

मेहुणा समुद्राकडे बघायला लागला.

आधीचा पंखा घरामागे मासे सुकवायच्या वलांडीखाली, जवळ्याच्या ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवलेला. त्याच्यावर 28 गुणिले 19. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच. म्हणजे एका फेरीत पंखा बोटीला कागदोपत्री किती इंच पुढे नेणार ते. पाणी निसटतं, म्हणून प्रत्यक्षात कमीच. बंदीच्या काळात मेहुण्याने गुपचूप तीन इंच वाढवून आणले होते. जास्त पिच, जास्त वेग, असा साधा हिशेब. पण ते ओढताना इंजिन दमतं, फेऱ्या पूर्ण होत नाहीत आणि नीट न जळलेलं डिझेल धूर होऊन मागे निघतं. एवढे दिवस शिव्या खाल्ल्या त्या इंजिनाने, कारण ते डोळ्यांसमोर होतं. पंखा पाण्याखाली ऐटीत.

सासूबाईंनी ताडपत्रीसाठी दगड मागून घेतला आणि मगच जुना पंखा दिला. तो बसवल्यावर काटा 1800 ला टेकला, धूर गेला. फिल्टरवाले म्हणाले, फिल्टरचा गुण आता आला. काकू काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या.

मेहुणा नवा पंखा फडक्याने पुसत बसला होता. मी जवळ गेलो तसा हळूच म्हणाला, "दाजी, पंख्यात खोट नाय. आता त्याच्या तोलाचं इंजिन बघू."